सुरी कुणी लावली?

"बर्फ कुणी फोडला होता का?" आमचं घर तापवणारं यंत्र दुरुस्त करायला आलेल्या माणसानं विचारलं तेव्हा तो बर्फात गुडघे टेकून बसला होता, कपाळावर टॉर्च, हातात रबरी मोजे, आणि माझ्याकडे बघतही नव्हता. मी म्हणालो, "नाही. छपरावरून काहीतरी पडलं असेल." तो म्हणाला, "ओके." त्या माणसानं पुढे एक शब्द विचारला नाही. टॉर्चचा गोल उजेड मात्र यंत्राच्या कॉइलच्या, म्हणजे गॅस खेळवणाऱ्या नळ्यांच्या वेटोळ्याच्या, खालच्या कोपऱ्यात तसाच थांबला होता. तिथे तांब्याच्या वळणावर एक बारीक, चकचकीत ओरखडा होता आणि खालच्या बर्फावर तेलाचा पिवळट डाग पसरला होता. त्या डागाचा अर्थ या गावात त्याच्याइतकाच मलाही कळत होता. खोटं मी तरीही बोललो. त्याला आता वर्ष होऊन गेलं. दुरुस्तीचे पैसे भरले, घर पुन्हा ऊबदार झालं, तो माणूस मला विसरलाही असेल. पण परवा पहिला बर्फ पडला, मी फावडं घेऊन मागच्या अंगणात गेलो, आणि त्याचं ते "ओके" पुन्हा कानात आलं.

कारण ते "ओके" मी लहानपणापासून ओळखतो. सांगलीत त्याचा उच्चार "बरं" असा होता.

अण्णांचं फ्रीज दुरुस्तीचं दुकान होतं, गणपती पेठेच्या मागच्या अंगाला. दुकान कसलं, एक लांबट खोली. पुढे टेबल, मागे ओळीनं उभे केलेले फ्रीज, दारं उघडी, जणू डॉक्टरनं आ करायला सांगितलंय. हवेत हळदीचा वास, कारण सांगलीत तो सगळीकडेच असतो, आणि त्यात मिसळलेला वेल्डिंगचा, जळक्या रंगाचा, कॉम्प्रेसरच्या तेलाचा. दुरुस्त झालेला फ्रीज अण्णा लगेच देत नसत. रात्रभर ट्रायलला लावायचा. डिसेंबरात सकाळी लवकर मी अभ्यासाला दुकानात जाऊन बसत असे, घरी जागा नव्हती म्हणून, आणि बसायची माझी जागा ठरलेली होती: ट्रायलच्या फ्रीजमागे, पाठ त्या काळ्या जाळीला टेकेल न टेकेल अशी. तिथे मस्त ऊब असायची. एकदा मी अण्णांना विचारलं, थंड करायचं यंत्र मागून गरम का? ते म्हणाले, "आतली गरमी जाणार कुठं? ती मागं टाकतोय. मागं हात लाव. गरम लागला म्हंजे आत काम चालू हाय." पुढे इंजिनिअरिंगला याच गोष्टीचे आलेख काढले, परीक्षा दिल्या, पण त्या एका वाक्यात न मावणारं फारसं काही त्यात निघालं नाही.

मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरजवळ आम्ही घर घेतलं तेव्हा तळघरात तेलावर चालणारा जुना बॉयलर होता आणि त्याच्या शेजारी २७५ गॅलनची टाकी, एखाद्या बसकण मारलेल्या म्हशीसारखी. हिवाळ्यात टँकर यायचा, लांब नळी ओढत माणूस यायचा, पुढचा दिवसभर घराला रॉकेलच्या दुकानाचा वास. २०२२ साली ते सगळं काढून आम्ही हीट पंप बसवला. बाहेर भिंतीलगत एक मोठं खोकं, आत तीन खोल्यांत एसीसारख्या पेट्या. अण्णांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्यांनी खोक्याला पुढून, मागून, बाजूनं फिरवून घेतलं, म्हणजे मला फिरवलं, आणि म्हणाले, "फ्रीजच हाय की लेका. उलटा बसवलाय."

म्हणजे आम्ही सध्या फ्रीजच्या मागच्या बाजूला राहतो. अंगणातली थंडी हा त्याचा आतला कप्पा.

इथल्या मित्रमंडळींना हे पटवताना माझी दमछाक व्हायची. बाहेर बर्फ असताना बाहेरूनच ऊब कशी आणणार, हा प्रश्न चांगली शिकली-सवरलेली माणसं विचारतात. खरं तर आतला गॅस वातावरणाच्या दाबाला उणे पन्नासच्या आसपास उकळतो. त्याच्या लेखी उणे दहाची हवा म्हणजे कोमट पाणी. विल्यम थॉमसन, ज्याला पुढे लॉर्ड केल्विन म्हणू लागले, त्यानं या उलट्या फ्रीजनं इमारती तापवता येतील असं १८५२ मध्येच मांडून ठेवलं होतं, घरोघरी फ्रीज येण्याच्या कितीतरी आधी. आणि मग ४ फेब्रुवारी २०२३ ची पहाट आली. बॉस्टनला पारा उणे १० फॅरनहाइटवर, म्हणजे उणे २३ सेल्सिअसवर गेला. त्या रात्री मी दर तासाला उठून पेटीखाली हात धरत होतो. हवा तितकी कडक गरम नव्हती, विजेचं मीटर घोड्यासारखं पळत होतं, पण ऊब येत होती. मागं हात लाव, गरम लागला म्हंजे काम चालू हाय. सकाळी मी ऑफिसच्या ग्रुपवर तापमानाचा फोटो टाकला. थोडा माजच होता तो.

या यंत्राला कोरडी थंडी सोसते, ओली सोसत नाही, हे कुणी मला आधी सांगितलं नव्हतं. पारा शून्याच्या आसपास असतो, पाऊस की बर्फ हे आभाळाचं ठरत नसतं, हवेत भरपूर दमट गारवा असतो, तेव्हा बाहेरच्या कॉइलवर पांढरं दहिवर साचत जातं. मग यंत्र स्वतःच आपला उलटा कारभार सुलट करतं. घरातली थोडी ऊब उसनी घेऊन बाहेरची कॉइल तापवतं आणि बर्फ वितळवतं. पंखा थांबतो, आतून 'हुश्श' असा सुस्कारा येतो, आणि खोक्यातून वाफेचे लोट उठतात. पहिल्यांदा ते पाहून बायको आग लागली म्हणून ओरडली होती. पाच-दहा मिनिटांत सगळं शांत. मला तो सुस्कारा आवडायला लागला. रात्री अंथरुणात पडून ऐकू यायचा. जुन्या एकदारी फ्रीजमध्ये थर्मोस्टॅटच्या खुंटीत मधोमध एक बटण असायचं, बर्फ काढायचं. अण्णा प्रत्येक गिऱ्हाइकाला ते दाबून दाखवायचे. "हे दाबायचं आन् झोपायचं. सकाळी बर्फ आपोआप ट्रेत पडतोय." इथे बटण दाबायलाही माणूस लागत नाही, एवढाच फरक.

देखभाल म्हणाल तर ती बरीचशी आमच्या फोडणीची. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली सलग, वरची पेटी गॅसच्या शेगडीपासून दहा पावलांवर. जाळ्या दर दोन आठवड्यांनी काढून धुवायच्या असतात. त्या काढल्या की हातावर पिवळसर चिकट थर येतो, मोहरी, तेल, हिंग आणि हळद यांचं मिळून झालेलं काहीतरी. भांडी घासायचा साबण, कोमट पाणी, जुना टूथब्रश. जाळीच्या मागे एक लांबट दंडगोल पंखा असतो, तो मात्र आपल्याला साफ करता येत नाही. गेल्या शरद ऋतूत तो साफ करायला आलेल्या पोरानं पेटीला प्लास्टिकची झोळी बांधली, फवारा मारला, आणि झोळीत उतरलेलं कढीसारखं पाणी बघून अतिशय नम्रपणे विचारलं, "तुम्ही घरात नक्की काय करता?" बायको म्हणाली, स्वयंपाक. थंडीत दिवसातून पहिल्यांदा पेटी जोरात सुरू झाली की आजही कालच्या आमटीचा वास येतो. मला त्याचं काही वाटत नाही. पाहुणे यायचे असले की बायकोला वाटतं.

तर ती रात्र. जानेवारी, तीन दिवस चिकचिकीत हवा, पाऊस पडायचा आणि पडल्या जागी गोठायचा. छपराच्या कडेची पन्हळ बर्फानं तुंबली होती आणि वरचं पाणी थेंब थेंब करत नेमकं खोक्यावर पडत होतं. हे दिसत होतं मला. दोन दिवस मी खिडकीतून ते बघत चहा पीत होतो. रात्री अडीचला खर्र, खट, खट, खट, असा आवाज सुरू झाला. सायकलच्या चाकात पुठ्ठा अडकवल्यासारखा. घरात ६१ फॅरनहाइट, म्हणजे सोळा अंश. पायजम्यावर जाड कोट चढवून बाहेर गेलो तर खोक्याच्या तळाशी बर्फाची लादी तयार झालेली, पाणी जायची भोकं बुजलेली, आणि पंख्याची पाती त्या लादीला घासत होती. पुढच्या बाजूला जाळी, हात जात नव्हता. मागे गेलो. कॉइलच्या तळाशी काचेसारखा बर्फ. काय करायचं ते मला ठाऊक होतं. यंत्र बंद करायचं, स्वयंपाकघरातून कोमट पाणी आणायचं, उकळतं नाही, आणि तांब्या तांब्यानं हळूहळू ओतत राहायचं. अर्धा-पाऊण तास लागला असता. पण सकाळी आठला मीटिंग होती, बोटं बधिर झाली होती, आणि कोटाच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर होता. मी यंत्रसुद्धा बंद केलं नाही. लादीच्या कडेला टोक लावलं, वर तळहातानं ठोसा दिला. एक मोठा तुकडा छान निघाला. दुसराही निघाला. तिसऱ्याला टोक घसरलं.

फुस्स.

मोठा आवाज नव्हता. सोड्याच्या बाटलीचं झाकण कुणी अगदी जपून उघडावं तसा. आणि मी तो आवाज चाळीस वर्षांचा माणूस म्हणून ऐकलाच नाही. मे महिना, अण्णांचं दुकान, टेबलाशी उभं राहिलेलं कुणीतरी सांगतंय, "फुस्स केलं बघा आन् थंडच करंना झाला."

उन्हाळा म्हणजे आमचा हंगाम. सरबताला, आमरसाला बर्फ हवा असतो, बर्फाचा ट्रे तळाला चिकटून बसलेला असतो, आणि घरात कुणीतरी सुरी आणतं. त्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याचा पत्रा म्हणजेच गॅसची वाट. दोन पत्र्यांच्या मध्ये नळ्या. सुरीचं टोक आत गेलं की संपलं. एप्रिल-मेमधला अण्णांचा निम्मा धंदा सुरीवर चालायचा. ते फ्रीज उघडायचे, कप्प्यावर साबणाचा फेस लावायचे, बुडबुडा कुठे येतो बघायचे आणि विचारायचे, "सुरी कुणी लावली?" कधीच कुणी लावलेली नसायची. आपोआप झालं. मुलांनी केलं असेल. घेतला तेव्हापासूनच तसं होतं. अण्णा म्हणायचे, "बरं." आणि हिशेबाच्या वहीत, बिघाडाच्या रकान्यात, 'सु.' लिहायचे. वहीत अशा खुणा बऱ्याच होत्या. 'उं.' म्हणजे उंदरानं वायर खाल्ली. 'पा.' म्हणजे रिलेत, कॉम्प्रेसर सुरू करणाऱ्या स्विचात, पाल चिकटली. पण सगळ्यात जास्त 'सु.' एकदा आमच्याच शाळेचे एक गुरुजी आले, ज्यांच्याकडून मी 'खोटं बोलू नये' हा निबंध तपासून घेतला होता. पत्र्याला सुरीच्या पात्याच्या आकाराची चीर, अगदी ठसा. गुरुजी म्हणाले, गंज लागला असावा. ते गेल्यावर मी उसळून अण्णांना म्हणालो, तुम्ही तोंडावर का नाही सांगितलं? अण्णा डाखाची काडी वितळवत होते. म्हणाले, "सांगून भोक बुजणार हाय का?"

पुढचे दीड दिवस आम्ही १५०० वॅटच्या दोन विजेच्या हीटरांवर काढले. सगळे एका खोलीत, लेक मधे. सिंक बाहेरच्या भिंतीला आहे, तिथली पाइप गोठून फुटू नये म्हणून खालच्या कपाटाची दारं उघडी ठेवली, नळाला धार नको पण थेंबांची माळ तुटू द्यायची नाही इतपत चावी. रात्री ते टपटप ऐकत मी हिशेब करत पडलो. खोक्यावरच्या पट्टीवर गॅसचं वजन लिहिलेलं असतं; आमच्यात तीन किलोंच्या आसपास, आर-४१०ए. हा गॅस हवेत सुटला की एक किलोमागे दोन हजार किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकं तापमान चढवतो. म्हणजे तीन किलोचे सहा टन. एक गॅलन तेल जाळलं की साधारण दहा किलो. सहाशे गॅलन. म्हणजे पृथ्वीची काळजी म्हणून तळघरातली ती म्हैस विकून टाकली, आणि तिचा हिवाळाभराचा चारा एका ठोशात हवेत उडवला. बायकोला हा हिशेब मी सांगितला नाही. तिला स्क्रू-ड्रायव्हरचंही सांगितलं नव्हतं. तिनं एवढंच विचारलं की तो कोट ओला कसा झाला.

तो आला दुसऱ्या दिवशी दुपारी. ब्राझीलहून आलेला, माझ्याहून लहान, इंग्रजी माझ्यासारखंच मनात जुळवून मग बोलणारा. ओके म्हणाला आणि कामाला लागला. उरलासुरला गॅस आधी मशीननं बाटलीत ओढून घेतला; इथे तो हवेत सोडणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि हे त्यानं मला सांगितलं तेव्हा मी कुंपणाकडे बघत होतो. मग नळी घासली, आतून नायट्रोजन सोडत ठेवून जोड भरला. निळी ज्योत, तांबं आधी काळं, मग लाल, मग वितळलेली काडी पाण्यासारखी फटीत पळाली. ते बघायला मी थंडीत उभा राहिलो. अण्णांच्या हाताखाली ती पळालेली काडी मी हजारदा पाहिली असेल. नायट्रोजन दाबून भरला, जोडावर साबणाचा फेस लावला. तोच फेस! इतकी मीटरं, तरी शेवटी बुडबुडाच बघायचा. मग व्हॅक्यूम पंप, आकडे पडताना दाखवणारं छोटं यंत्र. अण्णांकडे पंप म्हणजे भंगारातल्या फ्रीजचा कॉम्प्रेसर होता, आणि व्हॅक्यूम झाला की नाही हे ते नळीच्या तोंडाला अंगठा लावून ठरवायचे. गॅस त्यानं वजनकाट्यावर औंस मोजून भरला. अण्णा नळीवर दव किती लांब येतंय ते हातानं चाचपून भरायचे. कोण जास्त बरोबर, हे मला विचारू नका. काटाच बरोबर असणार. पण अंगठ्याची मला आठवण आली.

बिलावर त्यानं लिहिलं होतं: कॉइलला बाहेरून इजा, वॉरंटीत बसत नाही. १,३८० डॉलर. त्याच्या लिपीतलं 'सु.' ते. मी कार्ड दिलं. जाताना तो म्हणाला, वर एक छोटं छप्पर बसवून घ्या, पन्हळ साफ करा, आणि बर्फ झाला तर कोमट पाणी. "फक्त पाणी," तो पुन्हा म्हणाला.

छप्पर बसवलं. पन्हळही पानगळ संपली की आता मीच शिडीवर चढून साफ करतो. पाणी जायच्या भोकांत वाळकी पानं अडकलेली असतात, ती हिवाळ्याआधी काढतो. बर्फ पडला की खोक्याभोवती हातभर वाट मोकळी करतो, आणि फावडं कॉइलच्या जवळ आलं की ते बाजूला ठेवून मोज्यानं झाडतो. काल तळाशी थोडी लादी धरली होती. यंत्र बंद केलं, पातेलंभर पाणी कोमट केलं, आणि तांब्यानं ओतत बसलो. चाळीस मिनिटं लागली. लेक खिडकीतून बघत होती. तिनं विचारलं, बाबा, त्याला आंघोळ घालतोयस का?

अण्णांना मी त्या वेळी काही कळवलं नव्हतं. दुकान त्यांनी खरं तर कधीचंच बंद करत आणलं होतं. पण ऑगस्ट २०१९ मध्ये पूर आला, आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, आणि ओसरल्यावर गल्ल्यागल्ल्यांत चिखल भरलेले फ्रीज उताणे पडले होते. लोक रडकुंडीला येऊन विचारायचे, आता गेलाच का हो? सत्तरीतले अण्णा शटर वर करून पुन्हा बसले. रिले बदल, थर्मोस्टॅट बदल, आठवडाभर उन्हात वाळव, चालू. फोनवर मला म्हणाले होते, "कॉम्प्रेसर बंद डबा हाय. त्याला पूर काय करतोय? कृष्णामाईनं एकाचाबी गॅस घालवला न्हाई." तेव्हा मी हसलो होतो.

परवा, पहिल्या बर्फाच्या रात्री, त्यांनी आपणहून विचारलं, "तुझं ते उलटं फ्रीज कसं हाय?" मी म्हणालो, चाललंय. गेल्या वर्षी गॅस गेला होता, भरून घेतला. बोलून गेलो आणि जीभ चावली.

"गेला? नवं मशीन आन् गॅस गेला?"

"हां. लीक झालं होतं."

"कुठं?"

"खाली. कॉइलच्या शेवटच्या वळणाला."

"बर्फ धरतोय तिथं?"

मी हो म्हणालो. पडद्यावर त्यांच्या मागे भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं, सकाळचे सात, आणि खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, लागत नव्हती. आमच्याकडे बाहेर यंत्रानं हुश्श केलं, वाफ उठली, खिडकीची काच पांढरी झाली. अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा घातला.

"बरं," ते म्हणाले. आणि मग, "पोरगी झोपली का?"